नवाब दोन्ही घरी जेवतो

प्रभुभोजनाच्या पोळीत मीठ घालायचं नसतं, हे विजयमालाला लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक होतं. तरी तिचे सासरे, शांतवन गुरुजी, सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात येऊन येऊन तेच सांगत होते.

"सूनबाई, मीठ नको हं."

"न्हाई घातलं मामा."

"आणि तेल?"

"तेलबी न्हाई."

"मनुका काळ्याच घेतल्या ना?"

मनुका तिने कालच भिजत घातल्या होत्या. सकाळी कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांचं पाणी पेल्यात काढलं होतं आणि वर ताटली झाकली होती. गुरुजींनी ती ताटली उचलून पाहिली, वास घेतला आणि तरीही विचारलं. विजयमालाने पोळी तव्यावर आपटली. तिला कळत होतं, म्हाताऱ्याला विचारायचंय वेगळंच. विचारायचंय ते हे, की धाकटा मुलगा येणार आहे की नाही. पण ते विचारलं तर कमीपणा येतो, म्हणून मिठाची चौकशी चाललीय. या घरातल्या पुरुषांचं असंच होतं. दुखणं गुडघ्याला असायचं आणि मलम चोळत बसायचे कपाळाला.

मधल्या खोलीत छबुबाई खाटेवर होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हाच डॉक्टरांनी शहादेवला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता काय खायचं ते खाऊ द्या, ज्याला भेटायचं त्याला भेटू द्या. खायचं तिला काही नव्हतं. तिला प्रभुभोजन हवं होतं, पाळकाच्या हातून येशूच्या नावाने मिळणारा पोळीचा घास आणि द्राक्षरसाचा घोट. पाळकसाहेबांना निरोप गेला, ते मोटारसायकलवरून आले, पांढरा झगा पिशवीतून काढून घातला, आणि तेव्हा म्हातारीने सांगितलं, "माझी दोन्ही पोरं ह्या खाटंजवळ बसल्याबिगर मी घास घेणार न्हाई."

थोरला, म्हणजे विजयमालाचा नवरा शहादेव, होताच. परळीच्या थर्मल वीजकेंद्रावरून पाळी करून आला होता, कोळशाची राख अजून भुवयांत होती, आणि भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत होता. प्रश्न रामेश्वरचा होता.

रामेश्वर काही मुंबई-पुण्याला नव्हता. याच गावात, सडकेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर राहत होता. गावचा सरपंच होता. मागच्या निवडणुकीत जागा अनुसूचित जातीसाठी राखीव निघाली, त्याने अर्ज भरला, आणि विरोधकांनी हरकत घेतली की ह्याच्या घरात येशूची प्रार्थना चालते, ह्याचा बाप प्रवचनं देत फिरतो, आणि ख्रिस्ती माणसाला ही राखीव जागा लढवता येत नाही. मग रामेश्वरने निवडणुकीच्या साहेबासमोर उभं राहून सांगितलं, वडील जातात ते त्यांचं ते जाणोत, मी कधी प्रार्थनेला गेलो नाही, माझा त्यांचा संबंध नाही. ते शब्द गुरुजींनी स्वतःच्या कानांनी ऐकले. हरकतीची सुनावणी ऐकायला गावातली माणसं जमली होती, त्यांच्या मागे ते उभे होते. पोराला धीर द्यायला गेले होते बिचारे. घरी आले आणि म्हणाले, "मला एकच मुलगा आहे."

तेव्हापासून सडकेच्या अलीकडचं माणूस पलीकडे गेलं नाही आणि पलीकडचं अलीकडे आलं नाही. जात-येत होता तो फक्त नवाब.

नवाब म्हणजे कुत्रं. तांबडं, एक कान फाटलेलं, मागचा पाय थोडा आखडलेला. रामेश्वरने ते पिल्लू असताना तेलगावच्या बाजारातून सायकलवर घालून आणलं होतं. वेगळं घर मांडताना त्याने त्याला न्यायचा प्रयत्न केला, पण नवाबाला वाटणी कळलीच नाही. सकाळची भाकर तो इथे खायचा, दुपारी तिकडे जायचा, रामेश्वरची बायको सुनिता जे घालेल ते खाऊन संध्याकाळी परत. त्याच्या तोंडाला वास आला की छबुबाई खाटेवरून म्हणायची, "आज रामाकडं मटन हाय." आणि तेवढ्यावर तिचा दिवस बरा जायचा.

आणि ह्याच नवाबावर गुरुजींचं प्रवचन सगळ्या बीड जिल्ह्यात गाजलं होतं. माजलगाव झालं, परळी झालं, दिंद्रुडच्या घरप्रार्थना झाल्या. कुठेही गेले की मंडळी म्हणायची, गुरुजी, ते कुत्र्याचं सांगा. मग गुरुजी सांगायचे. देवाची प्रीती कशी असते ते ख्रिस्ती माणसाने कुत्र्याकडून शिकावं. धनी उशिरा आला तर कुत्रं विचारत नाही की कुठे होतास. धनी फाटका असला तरी त्याच्यासमोर शेपूट हलवतं, धनी पापी असला तरी हलवतं. एकदा रागाच्या भरात मी ह्या नवाबाला लाथ मारली, आणि तो लंगडत परत आला आणि ज्या पायाने मारली तोच पाय चाटला! इथे त्यांचा आवाज कापायचा आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. विजयमालाला सगळं तोंडपाठ होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीही रडली होती. पण रामेश्वरचं ते प्रकरण झाल्यावर गुरुजी ते प्रवचन पूर्वीपेक्षा जास्तच देऊ लागले, आणि तिला ते ऐकलं की डोकं भणभणायला लागायचं.

"जा की तू," शहादेव मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "तुझं ऐकतो त्यो."

"तुमचा भाऊ हाय का माझा?"

"मी गेलो तर शब्दाला शब्द लागंल."

"तुमच्या तोंडातून शब्द निघाला तर लागंल ना!" असं म्हणून तिने हात पुसले आणि पदर सारखा करून बाहेर पडली. नवाब मागोमाग होताच.

रामेश्वर फाट्यावरच्या हॉटेलात बसला होता. हॉटेल म्हणजे पत्रे, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. आई प्रभुभोजन घेणार हे त्याला सुनिताकडून कळलं होतं, म्हणून इस्त्रीचे कपडे घालून तो अर्ध्या वाटेपर्यंत आला होता आणि तिथेच रुतला होता. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"भाऊजी, चला."

"आबांनी बोलवलं का?"

"आईनं बोलवलंय."

"आई तर फोनवर रोजच बोलावती वैनी. आबांनी बोलवलं का, ते सांगा."

"कावून असं करायलेत तुमी? तिचा श्वास पुरंना झालाय."

नवाबाने तोवर आपली हनुवटी रामेश्वरच्या मांडीवर ठेवली होती. रामेश्वरने बशीतलं बिस्किट त्याला दिलं, कानामागे खाजवलं. "मी अंधार पडल्यावर येतो म्हनालतो फोनवर," तो हळूच म्हणाला. "आईच नको म्हनली. म्हनती, चोरावानी यायचं आसंल तर येऊ नको."

"मग उजेडात चला."

त्याने नुसत्या डोळ्यांनी समोरचं बाकडं दाखवलं. तिथे राधाकिशन पेपर उघडून बसला होता. विरोधी पॅनलचा उजवा हात, मागच्या वेळची हरकत ह्यानेच घेतली होती. पेपर उलटा धरला असता तरी त्याला कळलं नसतं, इतके त्याचे कान इकडे होते.

"पुढच्या महिन्यात फॉर्म भरायचेत," रामेश्वर म्हणाला. "तरीबी येतो मी. जाऊ द्या तिकडं सरपंचकी. पण त्या दारातून आबांनी मला हाकललंय वैनी, त्यांनीच हाक मारली पायजे. मलाबी काही इज्जत हाय का न्हाई?"

विजयमालाने कपाळावर हात मारला आणि परत फिरली. ऊन तापलं होतं, सडकेवरून कापसाचे टेम्पो धूळ उडवत जात होते, आणि नवाब कधी पुढे तर कधी मागे असा मजेत चालला होता. त्याला वाटत असावं, आज दोन्ही घरांची चांगलीच ये-जा सुरू झाली.

घरात पाळकसाहेब घड्याळ बघत होते. तरुण माणूस, नुकताच ह्या भागात आलेला. इथून दिंद्रुडला त्यांची आणखी एक प्रार्थना होती, पण तसं म्हणायची चोरी.

"आला का?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी बोलवा म्हणतेत."

"मी?" गुरुजी ताठ झाले. "ज्याने चारचौघांत मला नाकारलं, प्रभूला नाकारलं, त्याला मी बोलावू? त्याने यावं. ह्या उंबऱ्यात उभं राहून पाळकसाहेबांसमोर म्हणावं, मी चुकलो, मी प्रभूचाच आहे. माझं दार उघडंच आहे."

"दार उघडं हाय, पण तुमी दारात आडवे उभे हायेत," असं विजयमालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. सासऱ्यासमोर ती आजवर मोठ्या आवाजात बोलली नव्हती. आतून छबुबाईच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. परत खोकला आला तेव्हा शहादेवने डोळे पुसल्यासारखं केलं.

एवढ्यात नवाब आत आला आणि गुरुजींच्या पायाशी अंग टाकून पडला. गुरुजींचा हात आपोआप त्याच्या मानेवर गेला. तिथे आत्ताच रामेश्वरचा हात फिरला होता. गुरुजींचा चेहरा मऊ झाला. "बघा साहेब," ते पाळकांना म्हणाले, "ह्या मुक्या जनावराकडून आपण काय शिकावं! मी एकदा रागाच्या भरात..."

"मामा, बास करा!"

आवाज आपलाच आहे हे विजयमालाला जरा उशिराच कळलं. शहादेवच्या हातातला मोबाइल खाली आला.

"बास करा ते कुत्र्याचं," ती म्हणाली. आता सुरू झालंच होतं. "लई ऐकलं म्या. त्याला भाकर कोण घालतंय? मी. त्याच्या अंगावरचे गोचीड कोण काढतंय? मी. म्हणून मला म्हाईत हाय. तुमच्या प्रवचनात एक गोष्ट राहून गेली."

"कोणती?" गुरुजींनी विचारलं. इतक्या वर्षांची मास्तरकीची सवय, रागातसुद्धा प्रश्न विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"कुत्र्याला अब्रू नसती. तुमी लाथ घातली आन् त्यो परत आला, त्यो काय तुमाला माफ करून न्हाई आला. त्याचा अपमान झालाच न्हाई! अपमान व्हायला अब्रू लागती मामा. ती त्याच्यापाशी न्हाई, म्हणून त्यो खुशाल दोन्ही घरी जेवतो. आन् तुमाला अब्रू हाय. तिकडं भाऊजी बसलेत, त्यांनाबी इज्जत हाय. दोघांची अब्रू जागच्या जागी हाय, आन् आत्याबाई उपाशी मरायल्यात."

"विजे, गप बस की," शहादेव कुजबुजला.

"तुमी बसा गप. तुमाला सवय हाय." ती परत सासऱ्याकडे वळली. तिचा आवाज फाटायला लागला होता आणि डोळे भरून आले होते, ह्याचाही तिला राग येत होता. "आन् देवाला तरी कुठं अब्रू होती? तुमीच सांगता की. गावाबाहेर नेलं, अंगावरचं काढून घेतलं, चोरांच्या मधी टांगलं. येणारे-जाणारे तोंडाला येईल ते बोलत व्हते. तरीबी त्यो म्हनला, ह्यांना माफ कर. अब्रू संभाळायची असती तर वरच बसला असता ना त्यो? खाली आला असता कशाला?"

पाळकसाहेब पोळीच्या ताटाकडे बघत बसले. विजयमालाला वाटलं, आता आपलं ह्या घरातलं सगळं संपलं. उद्या माहेरी निरोप जाईल.

गुरुजी उठले. खुंटीवर टोपी होती, ती घेतली नाही. टोपीशिवाय हा माणूस कधी अंगणातसुद्धा उतरत नसे. वहाणाही घातल्या नाहीत. तसेच बाहेर पडले आणि सडकेच्या दिशेने चालू लागले. विजयमाला त्यांच्या वहाणा उचलून मागे धावली. रस्ता तापला होता, म्हाताऱ्याचे पाय पोळत असतील, पण हाक मारायची तिची छाती होईना.

हॉटेलात गुरुजींना बघून बाकड्यावरच्या माणसांनी सरकून वाट करून दिली. रामेश्वर उठून उभा राहिला. गुरुजी त्याच्यासमोर जाऊन थांबले. तासतासभर बोलणारा माणूस नुसता पोराकडे बघत राहिला. रामेश्वरच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. ते कधी आले, हे गुरुजींना माहीत नसणार.

"चहा दे बे गुरुजीला," राधाकिशनने हॉटेलवाल्याला फर्मावलं आणि पेपरची घडी घातली. "काय गुरुजी, आज सोता आलात? दारात पाळकाची गाडी दिसली. प्रार्थना हाय वाटतं घरी?" बोलता बोलता त्याने मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो गुरुजींच्या तोंडासमोर आडवा धरला. "सरपंचसाहेबाला प्रार्थनेला न्यायला आलात का?"

शांतवन गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. बैलाच्या भांडणात, बांधाच्या भांडणात लोक त्यांची साक्ष मागायचे. शाळा तपासायला साहेब आला तेव्हा पोरांची हजेरी कमी आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं आणि बदली ओढवून घेतली होती. प्रभूचं नाव लपवायचं तर लांबच. आता ते हो म्हणणार, राधाकिशनचं काम फत्ते होणार, आणि रामेश्वर पुन्हा संबंध नाही म्हणणार. आपणच ह्यांना इथे पाठवलं.

"कसली प्रार्थना?" गुरुजी म्हणाले.

राधाकिशनला ऐकू आलं नसावं. "आं?"

"प्रार्थना-बिर्थना काही न्हाई. ह्याची आई आजारी हाय. तिला बघायला चाललाय त्यो."

"आन् पाळक कशाला आलाय मग?"

"त्योबी बघायलाच आलाय."

"म्हंजे सरपंचाचा तुमच्या धर्माशी काही संबंध न्हाई म्हनता?"

"न्हाई," ते म्हणाले. "ह्याचा कसलाच संबंध न्हाई. माझा पोरगा हाय, एवढाच संबंध हाय." मग ते रामेश्वरकडे वळले. "चल बाळा. आई जेवायची थांबलीय."

राधाकिशनने मोबाइल खाली केला. रामेश्वरचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं होतं. त्याने विजयमालाच्या हातातल्या वहाणा घेतल्या, वाकून बापाच्या पुढ्यात ठेवल्या आणि बापाने पाय घालेपर्यंत त्याचा दंड धरून उभा राहिला.

घरी आल्यावर छबुबाईने धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास," ती म्हणाली. "सुनिता घालती का न्हाई खायला?" मग श्वास घेऊन म्हणाली, "बसा आता. उगं उभं ऱ्हाऊ नका." शहादेव एका बाजूला बसला, रामेश्वर दुसऱ्या. विजयमालाने ताट आणि पेला स्टुलावर आणून ठेवला आणि पहिल्यांदाच खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं भिंतीला टेकली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग रीतीप्रमाणे म्हणाले की ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने आधी ते प्रभूसमोर ठेवावं. सगळे डोळे मिटून बसले.

"थांबा साहेब," गुरुजी म्हणाले. "मला घेता येणार नाही."

विजयमालाने डोळे उघडले. आता काय? आता आणखी काय राहिलं ह्या माणसाचं?

"मी आत्ता फाट्यावर चारचौघांत सांगून आलो की माझ्या घरात प्रार्थना नाही. तोंडावर विचारलं आणि मी प्रभूला नाकारलं." त्यांचा प्रवचनातला आवाज कुठेच नव्हता. "पश्चात्ताप करावा म्हणून बसलो डोळे मिटून. पण तोबी होईना झालाय साहेब. राधाकिशननं उद्या परत विचारलं, तर मी परत तेच सांगीन. म्हणून म्हणतो, मला वगळा. ह्या पोरांना द्या."

रामेश्वर आईच्या खाटेच्या काठावर कपाळ टेकवून रडत होता. पाळकसाहेबांच्या हातात पोळी तशीच होती. असं काही त्यांना कुठे शिकवलेलं दिसत नव्हतं. त्यांनी एकदा गुरुजींकडे बघितलं, एकदा विजयमालाकडे, आणि मग पोळी छबुबाईच्या तोंडाजवळ नेली. आजाऱ्याला आधी द्यायची रीत होती.

छबुबाईने मान बाजूला केली.

"आई, घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

"मी घेते की," छबुबाई गुरुजींकडे बघत म्हणाली. "मला सवय हाय थांबायची. आधी ह्यांना द्या."

"अहो, पण ते स्वतःच म्हणतायत..."

"ऐकलं म्या. म्हणूनच म्हणते, आधी ह्यांना द्या."

पाळकसाहेबांनी पोळी मोडली. गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले.